बसल्या जागचं रीडिंग

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारी अमरीन नावाची एक मुलगी हातात फाईल घेऊन माझ्या कॉटशी आली आणि म्हणाली, "अंकुशकाका, बायपासनंतर तुमचं हृदय कसं वागेल त्याचा अंदाज काढायचाय. पाच मिनिटं द्याल?"

मला हसूच आलं. अंदाज काढणं हे माझं काम, आणि ही कालची पोर मला विचारतेय. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत मी एकतीस वर्षं कंप्रेसर चालवले. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक बेरिंगवर टेकवायचं, मूठ कानाजवळच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतला एकेक छर्रा बोलायला लागतो. कुठे घासतोय, कुठे तेल कमी पडतंय, सगळं कानात येतं. मग मी खडूने मशीनच्या पायावर लिहून ठेवायचो : तीन नंबर, चौदा तारीख, सेकंड शिफ्ट. मेंटेनन्सवाले म्हणायचे, आला मोठा ज्योतिषी. चौदा तारखेला सेकंड शिफ्टला तीन नंबर बसला की तेच मला चहा पाजायचे.

"काढ," मी म्हटलं, "पण तारखेसकट काढ. होईल किंवा नाही होईल, एवढं आमच्या भिंतीवरची पालसुद्धा सांगते."

"तारीख नाही सांगता येत काका. आकडा सांगते. आणि झालंच तर बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतं."

हे ऐकून मी जरा नीट बसलो. दुसरा-तिसरा दिवस म्हणतेय म्हणजे या पोरीनेही कुठेतरी कान लावलेला आहे.

तिने छातीला आणि हातापायांना तारा लावल्या, कागदाची पट्टी काढली आणि माझ्या मांडीवर पसरली. दर उंच सुळक्याच्या आधी एक बारकं टेकाड होतं. "हे वरच्या कप्प्याचं काम," ती म्हणाली. "हे टेकाड जितकं पसरट, वय जितकं जास्त, कप्पा जितका मोठा, तितकी भीती जास्त. ऑपरेशननंतर काही जणांचा हा वरचा कप्पा दाबायचं सोडून नुसता थरथरत राहतो. ठोका वेडावाकडा पडतो. लगेच कळलं तर औषधाने बहुतेक जागेवर येतो. नाही कळलं तर आत रक्त साचतं, गुठळी होते, आणि ती डोक्यात गेली तर लकवा."

लकवा म्हटल्यावर मी गोजराकडे पाहिलं. गोजरा म्हणजे माझी बायको. ती खिडकीशी स्टुलावर बसून मोसंबं सोलत होती. माझ्या वडिलांना, आप्पांना, लकवा झाला होता. कळंबोलीच्या आमच्या दोन खोल्यांत सात वर्षं ते कॉटवर होते, आणि सातही वर्षं त्यांना चमच्याने भरवलं ते हिने. मोसंब्यावरचा तिचा हात थांबला होता.

अमरीन प्रश्न विचारत गेली. वय किती, बीपी कधीपासून, साखर आहे का, तंबाखू कधी सोडली. मी फटाफट उत्तरं दिली. मग तिने फाईल उलटली. "अटॅकनंतर तुम्हाला नाडी हळू करायची पांढरी गोळी दिली होती. सकाळ-संध्याकाळ. ती चालू आहे ना? एकही चुकली नाही ना?"

मी तोंड उघडायच्या आत गोजरा बोलली. "चुकतीया कशी. म्या सोता हातावर ठिवते आन् पानी देते. समोर हुबी ऱ्हाते."

"वा काकू," अमरीन म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. "काका?"

"होय," मी म्हटलं.

तिने 'होय' वर खूण केली. नाडी मोजली, चौऱ्याण्णव. "गोळी चालू असून जरा जास्तच आहे."

"तू घाबरवलंस ना लकवा-बिकवा बोलून."

ती हसली, फोनमध्ये काहीतरी भरलं आणि म्हणाली, "शंभरात एकोणीस. चांगला आकडा आहे काका." जाताना तिने सांगितलं की बाप न्हावा शेव्याला कस्टमच्या एजंटकडे कारकून आहे, तोही असाच प्रत्येक गोष्टीची तारीख विचारतो.

आता खरं सांगतो. ती गोळी मी पाच दिवस घेतली नव्हती.

झालं असं, की ऑपरेशनच्या पाच दिवस आधी डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी बंद केली. बाकीची चालू ठेवा म्हणाले. उरली होती ती ही एकच पांढरी. मी घरी येऊन विचार केला. कंप्रेसर ओव्हरहॉलला काढायच्या आधी आम्ही काय करतो? जुनं तेल सगळं काढून टाकतो. अर्धं काढून अर्धं ठेवत नाही. मशीन उघडायचं तर कोरडं आणि स्वच्छ उघडायचं, म्हणजे आतलं खरं कळतं. डॉक्टर भला माणूस, पण तो काही कंप्रेसर हाऊसला राहिलेला नाही. एकतीस वर्षांची अक्कल माझ्याकडे होती आणि ती मी माझ्याच छातीवर चालवली. गोजरा हातावर गोळी ठेवायची, मी मूठ तोंडाला लावायचो, पाणी घटाघटा प्यायचो, गोळी मुठीतच राहायची. मग ती चष्म्याच्या डबीत, पुसायच्या कापडाखाली. पाच दिवसांच्या दहा गोळ्या. टाकूनही देता येईनात, कारण औषध टाकायचं नाही ही आमच्या घरची सवय.

यात मी काही वाईट केलं असं तेव्हा वाटलं नव्हतं. वाईट वाटलं ते 'होय' म्हटल्यावर.

कंपनीत दर तासाला रीडिंग घ्यावं लागतं. उठायचं, मशीनपाशी जायचं, तेलाचा दाब बघायचा, तापमान बघायचं, लॉगशीटवर लिहायचं. आळशी माणसं केबिनमध्ये बसून मागच्या तासाचा आकडा एखादा पुढेमागे करून टाकतात. त्याला आम्ही बसल्या जागचं रीडिंग म्हणायचो. मला त्याचा भयंकर राग. माझ्या जोडीचा दिपेश एकदा तसं करताना सापडला, तर मी त्याच्याशी दोन वर्षं बोललो नाही. एका शिफ्टला, एका केबिनमध्ये, दोन वर्षं. तोच मी त्या पोरीच्या कागदावर बसल्या जागी रीडिंग टाकून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला हिरवा झगा घालून चाकाच्या कॉटवर घेतलं. घड्याळ काढा, चष्मा काढा. मी चष्मा डबीत घातला आणि डबी गोजराच्या हातात दिली.

"पिशवीत ठेव. उघडू नको, काच सैल आहे."

"बरं," ती म्हणाली. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. मग छत सरकायला लागलं. दिव्यामागून दिवा गेला, आणि गोजरा मागे मागे बारीक होत एका पिवळ्या ठिपक्याएवढी राहिली. तिची साडी पिवळी होती.

मग मी तळोज्याला गेलो.

कंप्रेसर हाऊसमध्ये गुडघाभर पाणी होतं, कोमट, आणि ते हळूहळू वर-खाली होत होतं. चारही मशीन चालू होती, पण आवाज नव्हता. मी चालत तीन नंबरपाशी गेलो. त्याच्या पत्र्यावरचं झाकण कुणीतरी उघडून ठेवलं होतं आणि आत एक मऊ, ओलं काहीतरी आपल्या चालीने उठत-बसत होतं. मी स्क्रूड्रायव्हर शोधायला लागलो. खिशात नव्हता, पाण्यातही नव्हता. खिळ्याला लॉगशीट टांगलेली होती. मी बघितलं तर प्रत्येक तासापुढे माझ्या अक्षरात एकच आकडा, एकोणीस, एकोणीस, एकोणीस, खालपर्यंत. कागद संपला तरी आकडे भिंतीवरून खाली उतरत पाण्यात गेले होते.

मग दार उघडलं आणि गोजरा आली. वीस वर्षांची. लग्न होऊन नुकती जालन्याकडून आली होती तेव्हाची, हातात डबा, पाण्यावरून चालत. तिच्या पायाला पाणी लागत नव्हतं. "जेवलात का?" तिने विचारलं. मी खडू घेतला आणि मशीनच्या पायावर लिहिलं, होय. ती तिथेच उभी राहिली. डबा भरलेला होता हे तिला हातातल्या वजनावरून कळत होतं.

ऑपरेशनला एक रात्र उलटल्यावर घशातून नळी काढली तेव्हा मी जागा झालो. म्हणजे जागा झालो असं ते म्हणाले. मला वाटत होतं की पाणी अजून तिथेच आहे, फक्त आता ते दिसत नाही. चष्म्याशिवाय मला दोन हातांपलीकडचं काही दिसत नाही. सगळीकडे पांढरे, निळे ढग, आणि ढगांतून माणसं येऊन माझ्या हाताला, पोटाला काहीतरी करून परत ढगात जायची. डोक्याशी मॉनिटर टिंव टिंव करत होता. मी त्याचं टिंव टिंव मोजत झोपायचो आणि मोजतच उठायचो. खिडकीत खारघरचा डोंगर असावा, कारण तिकडे एक मोठी निळी सावली होती. दिवसभर ती जवळ यायची, लांब जायची.

चार वाजता एकेका नातेवाइकाला पाच मिनिटं सोडत. आधी आमची पायल आली, तिच्या ऐरोलीच्या ऑफिसातून सुट्टी काढून. हात धरून रडली आणि गेली. मग पिवळा ढग आला.

"चष्मा देऊ?" गोजरा म्हणाली.

"नको."

"आवो, दिसत न्हाई तुमाला."

"असंच बरं आहे. उघडू नको ती डबी."

माझ्या हाताच्या पालथ्या बाजूवरून तिने अंगठा फिरवला, सुई टोचलेली जागा टाळून. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते बघायचंही नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी बायकोला घाबरलो होतो, तेही दहा गोळ्यांपायी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढगातून अमरीन निघाली. चालण्यावरून ओळखली, पायांत कापडी बूट, पटापट. "काका, मस्त चाललंय. तुमचा आकडा कमी आहे म्हणून डॉक्टर म्हणाले, दुपारी वॉर्डात हलवू. तारा काढून टाकू. मोकळे व्हाल."

"तारा काढल्यावर मग ठोका कोण बघतं?"

"सिस्टर येऊन नाडी बघते ना. सहा-सहा तासांनी."

"आणि आज दुसरा दिवस."

"हो, आज दुसरा."

दर तासाचं रीडिंग सहा तासांवर जाणार, आणि ते का, तर कागदावर माझ्या तोंडचं 'होय' आहे म्हणून. मशीन बसायचं तेव्हा बसेल. वॉर्डात दुपारची झोप असेल, पंखा फिरत असेल, आणि आत वरचा कप्पा थरथरत असेल, कुणाला पत्ता नाही. मला आप्पांचं तोंड आठवलं. एका बाजूने ओघळणारी पेज, आणि ती पदराने टिपणारा गोजराचा हात. पुन्हा सात वर्षं. या वेळी ती साठीची असणार.

तरी मी लगेच बोललो नाही. माणूस किती हट्टी असतो बघा. मी आधी मनात हिशेब केला की एकोणीस म्हणजे एक्याऐंशी चांगलेच आहेत. मग डोळे मिटले, तर तीच लॉगशीट, तेच माझं अक्षर, आणि या वेळी खिळ्याशी दिपेश उभा होता. तो नुसता माझ्याकडे बघून हसला.

"अमरीन," मी म्हटलं. घसा खरखरत होता. "तो कागद चुकीचा आहे."

"कुठला?"

"तुझा. पांढरी गोळी मी पाच दिवस घेतलेली नाही. ओव्हरहॉलच्या आधी जुनं तेल काढतात म्हणून."

ती जवळ आली, इतकी जवळ की तिच्या कपाळावरची आठी मला चष्म्याशिवाय दिसली. मी सगळं सांगितलं. डबीपर्यंत. मला वाटलं आता ही ओरडणार. ती ओरडली नाही. तिने फोन काढला, आकडे परत भरले आणि म्हणाली, "अडतीस." मग थोड्या वेळाने, "काका, ही गोळी एकदम बंद केली की हृदय बिथरतं. तेल नाही ते, लगाम आहे. बरं झालं सांगितलंत."

पुढच्या अर्ध्या तासात डॉक्टर आले, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला कंपनीचा जनरल मॅनेजर आठवला. एक नवीन औषध सलाईनमधून सुरू झालं, रक्त तपासायला गेलं. वॉर्ड रद्द, तारा राहिल्या. अमरीन निघाली तेव्हा मी तिला थांबवलं.

"गोजराला सांगू नको."

"मी नाही सांगणार. पण काका, चष्मा तुम्हाला लागणारच आहे ना कधीतरी."

चार वाजता पिवळा ढग आला. रोज तीच साडी कशी, हे मला नंतर पायलने सांगितलं. मी आत गेलो ती साडी नेसलेली असताना, म्हणून मी बाहेर येईपर्यंत ती बदलायची नाही असं तिने ठरवलं होतं. संध्याकाळी धुवायची, सकाळी तीच.

"चष्मा दे," मी म्हटलं.

तिने पिशवीतून डबी काढली, उघडली आणि स्वतःच्या हाताने चष्मा माझ्या नाकावर ठेवला. ढग विरले. भिंत आली, खिडकी आली, खरंच डोंगर होता तिथे. आणि गोजरा आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"डबीत कापडाखाली बघ," मी म्हटलं.

"तितं काय बी न्हाई."

तिने पदराची गाठ सोडली. आत रुमाल, रुमालात दहा गोळ्या. दोन-तीन घामाने विरघळून चिकटल्या होत्या.

"तुमी आत गेलात आन् म्या काच पुसाया डबी उघडली," ती म्हणाली. "पाच तास बसले ह्या मुठीत घिऊन. बुद्धवंदना म्हनत व्हते, तर मधेच शब्द इसरायचे. चाळीस वरसं येत्यात मला, इसरायचे."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कुनाला सांगू? काय सांगू?" तिने रुमालाची घडी घातली आणि परत उलगडली. "मला वाटलं, तुमाला जगायचंच न्हाई. आप्पांसारकं पडून ऱ्हाऊ म्हून भ्याला आन् गपचूप सोडून दिलं. म्या मेली रोज पानी देतीया आन् तुमी..."

मी काय काय विचार केला होता. ती रागावेल, बोलणार नाही, दोन वर्षं बोलणार नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी स्वतःला शहाणा समजून डबीत गोळ्या साठवत होतो, आणि ते ओझं या बाईने तीन दिवस पदरात बांधून हिंडवलं होतं. माझं मन भरून आलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम.

"गोजरा, तसं नाही गं. ओव्हरहॉलच्या आधी जुनं तेल काढतात."

"काय?"

"मशीन उघडायच्या आधी. तेल काढून टाकतात. म्हणून मी गोळी..."

ती माझ्याकडे बघत राहिली. मॉनिटर टिंव टिंव करत होता.

"तेल," ती म्हणाली.

"होय."

"म्या हितं तुमच्या नावानं जीव टांगून बसले, आन् तुमी तेल काडत व्हता."

"होय."

तिच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला. मला आधी हुंदका वाटला, मग कळलं की ती हसतेय. हसता हसता रडायला लागली. मलाही हसू आलं, आणि छातीच्या टाक्यांतून अशी कळ गेली की मी खोकताना धरायला दिलेली उशी छातीशी गच्च आवळली. सिस्टर धावत आली. एक म्हातारा उशीला मिठी मारून हसतोय आणि म्हातारी पदर तोंडात कोंबून रडतेय, हे बघून तिने वेळ संपल्याचं सांगायचं टाळलं.

जाताना गोजरा म्हणाली, "आता गोळी गिळली की तोंड उघडून दाखवायचं."

तिसरा दिवस शुक्रवार. सकाळ चांगली गेली. मला खुर्चीत बसवलं, खिडकीकडे तोंड करून. औषधामुळे असेल, सगळं हळू चाललं होतं. डोंगरावरून ढगाची सावली उतरत होती आणि ती खाली पोहोचेपर्यंत माझी एक झोप होत होती. मी स्वतःच्या आत कान लावून बसलो होतो. स्क्रूड्रायव्हर नव्हता, पण म्हटलं, एकतीस वर्षांचा कान आहे. स्वतःचं मशीन आहे. कळेलच.

चारला गोजरा आली. खुर्चीमागे उभी राहिली, खांद्यावर हात ठेवला. मग वाकली आणि माझ्या पाठीला कान लावला.

ही तिची सवय. अटॅक आल्यापासून घरी दुपारी मी कुशीवर पडलो की ही मागून येऊन पाठीला कान चिकटवून पडायची. मी म्हणायचो, सरक गं, उकडतंय, या वयात कसलं प्रेम आलंय. ती सरकायची नाही. आज खुर्चीत मला ते बरं वाटलं. तिचा कान थंड होता. सावली डोंगराच्या पायथ्याशी आली. माझे डोळे मिटले.

"थांबा," गोजरा म्हणाली.

"काय?"

"ह्ये तुमचं न्हाई."

"काय माझं नाही?"

"ह्ये चालनं. ह्ये तुमचं न्हाई." ती सरळ झाली आणि दाराकडे वळून हाक मारली, "अमरीनबाई."

मला काही झालेलं नव्हतं. आत कुठेतरी पट्टा सैल पडून सटकल्यासारखं एकदा वाटलं, बस. अमरीन दारातून आत येत होती तेव्हा मॉनिटरचा आवाज बदलला. टिंव टिंव जाऊन सलग कर्कश. पडद्यावर सुळके होते, पण एक जवळ, एक लांब, तीन एकदम, मग काहीच नाही, आणि सुळक्यांच्या आधीचं ते बारकं टेकाड कुठेच नव्हतं. तिथे नुसती थरथर होती.

"सुरू झालं," अमरीन म्हणाली, पण तिचे हात आधीच चालू होते. मला कॉटवर घेतलं, सलाईनमध्ये औषध गेलं, डॉक्टर आले, आकडे बोलले गेले. एकशे छत्तीस. एकशे बेचाळीस. मला भीती वाटत होती, ती सरळ सांगतो. पण त्या सगळ्यात अमरीन मध्येच गोजराकडे वळली. "काकू, तुम्हाला मशीनच्या आधी कसं कळलं?"

"रोज ऐकते न्हवं," गोजरा म्हणाली. "अटॅक आल्यापास्नं. ह्ये झोपले की ऐकते. दोन म्हैने झाले. चाल पाठ हाय मला."

मी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. मला स्क्रूड्रायव्हर लावून कंप्रेसर ऐकणारा तळोज्याचा सगळ्यात तयार कान म्हणायचे. आणि माझ्या पाठीशी रोज दुपारी एक बाई कान लावून रीडिंग घेत होती, एकही न चुकवता, आणि मी तिला म्हणत होतो, सरक, उकडतंय.

तो सगळा वेळ मला ठोका कळत होता आणि कळत नव्हता. पुन्हा ते पाणी आलं, पण आता त्यात लाटा होत्या, कुठूनही येणाऱ्या. चारही मशीन आपापल्या चालीने पळत होती. गोजरा पाण्यावर नव्हती. ती माझ्यासारखीच गुडघाभर पाण्यात उभी होती, साडी वर खोचून, तीन नंबरला कान लावून. मी विचारलं, कुठली तारीख? ती म्हणाली, तारीख न्हाई सांगत म्या, हितं हुबी हाय.

शनिवारी सकाळी सव्वासातला पडद्यावर टेकाड परत आलं. अमरीनने पट्टी काढली, माझ्यासमोर धरली आणि बोट ठेवलं. बारकं, दर सुळक्याच्या आधी, दर वेळी तेवढंच. पंधरा तास गेले होते. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडलं म्हणून. वॉर्डात असतो तर, ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही आणि मीही विचारलं नाही. अमरीनने तिच्या कागदावर 'होय' खोडून तिथे खरं लिहिलं आणि मला सही करायला लावली. मी सगळं नाव लिहिलं.

आता घरी येऊन तीन आठवडे झालेत. कुशीवर झोपायला अजून बंदी आहे, म्हणून दुपारी जेवण झालं की मी कॉटच्या कडेला पाय सोडून बसतो. गोजरा गोळी देते. मी गिळतो, तोंड उघडतो, जीभ वर करतो. ती बघते, मग पेला बाजूला ठेवते आणि माझ्या मागे येऊन बसते. बाहेर कळंबोलीचे ट्रक जात असतात, वर पंखा किरकिरत असतो. तिचा कान पाठीला लागतो. चांगलं उकडत असतं.

"काय रीडिंग?" मी विचारतो.

"गप ऱ्हावा," ती म्हणते. "ऐकू द्या."